न्हाणीतला हौद आपणच बुजवू या



आज आम्ही बोलणार आहोत न्हाणीतल्या सिमेंटच्या हौदाबद्दल. हंडा आपटून काठाचा टवका उडतो, तळाचे पोपडे निघतात, कोपऱ्यात केसाएवढी भेग पडते. काम छोटे असते, म्हणून गवंडी येत नाही आणि घरातले 'बघू' म्हणतात. पाणी मात्र जातच राहते. ते भरणाऱ्या आपण, म्हणून हिशेबही आपणच करू.

हौद तीन फूट लांब, तीन फूट रुंद आहे असे धरा. त्यातले पाणी एक बोट, म्हणजे दोन सेंटिमीटर, खाली गेले तर साधारण सोळा लिटर गेले. म्हणजे एक हंडा, डोक्यावरची एक खेप!

भेग नुसती गळत नाही. खडबडीत भिंतीला शेवाळ धरते आणि ते घासून निघत नाही. डेंग्यूचा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटवतो. हौद कोरडा पडला तरी ती कित्येक महिने जगतात. म्हणून आठवड्याला हौद रिकामा करून घासायला सांगतात. पण घासायला भिंत गुळगुळीत तर हवी.

आधी गळती कुठे आहे ते शोधू. संध्याकाळी हौद भरा, पाण्याच्या रेषेवर कोळशाने खूण करा आणि वर झाकण ठेवा. एक दिवस पाणी काढू नका. पाणी खाली गेले तर आणखी थांबा. एका जागी येऊन ते थांबले, तर भेग त्याच उंचीवर आहे. थांबलेच नाही, तर तळ किंवा तळाचा कोपरा बघा.

सामान फार लागत नाही. छिन्नी, हातोडी, तारेचा ब्रश, छोटी थापी, घमेले. सिमेंट दुकानात किलोवर सुटे मिळते. हाताने चुरडून बघा. खडे झालेले असेल तर घेऊ नका. वाळू बारीक चाळणीने चाळून धुवा. हातात रबरी मोजे घाला, कारण ओले सिमेंट कातडी जाळते. छिन्नी मारताना डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर पदर हवाच.

आता काम. हौद रिकामा करून घासा. भेगेवर नुसता लेप देऊन भागत नाही. छिन्नीने ती अर्धा इंच रुंद आणि तेवढीच खोल उघडा. सुटे पोपडे काढा. ठोकल्यावर पोकळ आवाज येतो तेवढा भागही काढा. ब्रशने धूळ झाडा, धुवा आणि रात्रभर ओले फडके लावून ठेवा. कोरडी भिंत नव्या मालातले पाणी ओढून घेते आणि माल सुटतो.

सकाळी जागा ओलसर हवी, पाणी साचलेले नको. धिरड्याच्या पिठासारखे सिमेंट कालवून खाचेत ब्रशने लावा. ते ओले आहे तोवर माल भरा. एक वाटी सिमेंटला तीन वाट्या वाळू आणि पाणी बेताचे. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण पाणी ओघळता कामा नये. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. दाबून दाबून भरा आणि थापीने सारखा करा. बारीक ओरखडे असतील तर जागा खरखरीत करून तेच पातळ सिमेंट दोनदा लावा, एकदा आडवे, एकदा उभे.

बाया विचारतात, बाहेरून बुजवले तर हौद रिकामा करायला नको ना? पण बाहेरच्या लेपाला पाणी आतून ढकलत राहते आणि तो सुटतो. आतल्या लेपाला तेच पाणी भिंतीवर दाबून धरते. म्हणून आतूनच करा.

दुसऱ्या दिवसापासून सात दिवस ओले पोते लावून ठेवा आणि दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारा. या सात दिवसांत घाई केली तर सगळी मेहनत वाया जाते. तोवर पिंप वापरा. मग हौद भरून एक दिवस ठेवा. ते पाणी चुनखट असते. माणसांना नको, जनावरांनाही नको. त्यातून अंगण धुवा, हौद पुन्हा घासून भरा आणि कोळशाची खूण परत करा.

दुकानात गळती थांबवणारी रसायनेही मिळतात. पिण्याच्या पाण्याला चालते असे डब्यावर लिहिलेले नसेल, तर ते पिण्याच्या टाकीला लावू नका.

काही कामे मात्र आपली नव्हेत. भेग भिंतीच्या आरपार असेल, गंजलेली सळई दिसत असेल, हौद एका बाजूला खचला असेल किंवा टाकी छपरावर असेल, तर जाणत्या गवंड्यालाच बोलवा.

छिन्नी, हातोडी आणि थापी प्रत्येकीने घ्यायची गरज नाही. गटात एक जोड असला तर आळीपाळीने सगळ्या घरांना पुरतो. एकीने छिन्नी धरली, दुसरीने माल कालवला, की काम दुपारपर्यंत उरकते.

तर आज संध्याकाळी हौदावर कोळशाची रेघ मारा. उद्या कळेल, आपले किती हंडे जमिनीत मुरतात ते.