एकच फाइल, दोन रेघा

(बोललेल्या भागाचा मजकूर. थोडी काटछाट केली आहे, बाकी बोललो तसंच.)

आजचा भाग आहे जीपीएक्स फाइल जीपीएस यंत्रात टाकण्यावर. ऐकायला दोन मिनिटांचं काम वाटतं. केबल लावा, फाइल कॉपी करा, झालं. मलाही तसंच वाटायचं, आणि मी तर दिवसभर कोड लिहिणारा माणूस. तरी त्या दोन मिनिटांच्या कामात माझी एक चूक झाली, आणि तिच्यापायी माझा मित्र मोडलेला घोटा घेऊन दोन तासांहून जास्त वेळ नाल्याकाठी पडून होता. मी त्याला तिथून चौदा-पंधरा किलोमीटर पुढे शोधत होतो.

झालं असं. आम्ही दोघं, दोन गाड्या. यवतमाळहून आर्णी, महागाव, उमरखेड, मग ढाणकी आणि पुढे सहस्रकुंडचा धबधबा. उमरखेडपर्यंत सरळ हायवे आहे, त्यात मजा नाही. आम्हाला ढाणकीच्या पुढचा पांदणीचा भाग करायचा होता. एका ओळखीच्याने त्याच वर्षी मे महिन्यात तो ट्रॅक रेकॉर्ड केला होता, त्याची जीपीएक्स फाइल आमच्याकडे आली. मित्राने ती फोनमधल्या अ‍ॅपमध्ये उघडली. मी माझ्या जुन्या हँडहेल्डमध्ये टाकली. फाइल एकच, नाव एकच. ऑक्टोबरचा महिना, आदल्या आठवड्यात परतीचा पाऊस होऊन गेला होता.

ढाणकीच्या पुढे माझी चेन सैल वाटली म्हणून मी थांबलो. त्याला म्हटलं, "तू हो पुढं, मी त्याच लाईनवर येतो." पुढे एका फाट्यावर भेटायचं ठरलं होतं, तो वेपॉइंट दोघांकडे होता. दहा मिनिटांत चेन ताणली आणि यंत्रावरची जांभळी रेघ पकडून निघालो. फाट्यावर पोचलो तर हा नाही. आता विचार करा, तुम्ही काय समजला असता? तो माझ्या पुढे निघाला, मी त्याच रेघेवरून आलो, वाटेत दिसला नाही. म्हणजे तो फाट्यावर न थांबता पुढे गेला. हिशोब बरोबर आहे ना? मी थोडा चिडलोसुद्धा. वीस मिनिटं थांबलो आणि सरळ सहस्रकुंड गाठलं. तिथे पार्किंगमध्ये गाडी शोधली, धबधब्याजवळ शोधलं, चहावाल्याला विचारलं. फोन लागत नव्हता.

हिशोब बरोबर होता, पण "त्याच रेघेवरून" हे खोटं होतं. का खोटं होतं, ते समजायला फाइलच्या आत डोकावावं लागतं.

जीपीएक्स म्हणजे साधी एक्सएमएल फाइल. नोटपॅडमध्ये उघडते. फॉरमॅट २००२ चा आहे, आज सगळीकडे चालतं ते १.१ व्हर्जन २००४ चं. म्हणजे वीस वर्षांत त्यात फारसा बदल नाही, आमच्या धंद्यात हे नवलच. त्या फाइलमध्ये तीन प्रकारच्या गोष्टी असू शकतात. एक वेपॉइंट, म्हणजे सुटी खूण: मंदिर, पेट्रोल पंप, फाटा. दुसरा रूट. तिसरा ट्रॅक. घोळ होतो तो या शेवटच्या दोघांत.

ट्रॅक म्हणजे कुणीतरी खरंच गेलेल्या वाटेचा माग. दर सेकंदाला किंवा दर काही मीटरला एक बिंदू, त्याचे अक्षांश-रेखांश, उंची, वेळ. ओल्या वावरातून बंडी गेली की चाकोरी उमटते, तसं. यंत्र त्यात स्वतःची अक्कल घालत नाही, रेघ जशी आहे तशी दाखवतं.

रूट म्हणजे मोजके बिंदू. इथून निघा, इथून जा, इथे पोचा. मधली वाट कोणती, ते यंत्र स्वतःच्या नकाशावरून ठरवतं. त्याच्या नकाशात पांदण नसेल तर ते तुम्हाला डांबरी रस्त्याने नेणार, आणि अगदी आत्मविश्वासाने नेणार. आणि रूटिंगची सेटिंग "डायरेक्ट" वर असेल तर दोन बिंदूंमध्ये सरळ पट्टी मारणार, मग मध्ये जंगल असो की पैनगंगा.

आमच्या फाइलमध्ये दोन्ही होतं. ज्याने ती बनवली त्याने आधी घरी बसून एकोणीस बिंदूंचा रूट आखला, मग प्रत्यक्ष जाऊन ट्रॅक रेकॉर्ड केला आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये सेव्ह केलं, एकाच नावाने. त्याची काही चूक नाही, बरेच लोक करतात. मित्राच्या अ‍ॅपने ट्रॅक उघडला. मी यंत्रात रूटच्या यादीत ते नाव पाहिलं आणि "गो" दाबलं. माझं यंत्र मला डांबरीने घेऊन गेलं. तो पांदणीत गेला. सुरुवात एक, शेवट एक, मधे दोन-तीन किलोमीटरचं अंतर.

त्या पांदणीवर एक नाला आहे. मे महिन्यात तो कोरडा असतो, ट्रॅकमध्ये तिथे रेघ सरळ पार झालेली दिसते. ऑक्टोबरमध्ये वर बोटभर पाणी आणि खाली काळ्या मातीचा लगदा. आपल्याकडची काळी माती ओली झाली की काय करते ते सांगायला नको. टायर आणि मडगार्डच्या मधे भरते, चाक फिरायचंच थांबतं. त्याचं पुढचं चाक रुतलं, गाडी आडवी झाली आणि पाय खाली आला.

फोन आला तो सहस्रकुंडला पोचून मला तास-दीड तास झाल्यावर, अनोळखी नंबरवरून. "तुमचा दोस्त आमच्या वावराजवळ पडला हाये. पाय मोडला वाटते. तुमी कुठी हा?" ज्यांचं वावर होतं ते मामा तूर बघायला आले होते, म्हणून सापडला. त्यांच्या मुलाने धुऱ्यावर चढून, रेंज धरून फोन लावला होता.

आता पुढची गंमत ऐका, गंमत कसली म्हणा. त्या मुलाने मित्राच्या फोनवरचे आकडे वाचून दाखवले, मी यंत्रात टाकले. यंत्र म्हणालं, पस्तीस-चाळीस किलोमीटर लांब. हे शक्यच नव्हतं. मग ट्यूब पेटली. फोन दशांश अंशात दाखवतो आणि माझं यंत्र अंश-मिनिटांत होतं. उदाहरण सांगतो: १९.५० अंश म्हणजे १९ अंश ३० मिनिटं. तेच तुम्ही १९ अंश ५० मिनिटं म्हणून टाकलं तर वीस मिनिटांचा फरक, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे ३७ किलोमीटर. निघायच्या आधी दोघांच्या यंत्रांचा फॉरमॅट एकच करायचा. सेटिंगमध्ये "पोझिशन फॉरमॅट" म्हणून असतं.

मी पोचलो तोवर मामांनी त्याला बंडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं होतं. पुढे उमरखेड, प्लास्टर, सहा आठवडे घरी.

तर आता फाइल टाकायची कशी, ते माझ्या पद्धतीने सांगतो.

आधी फाइल कॉम्प्युटरवर उघडायची. गार्मिनचं बेसकॅम्प चालेल, ब्राउझरमधलं जीपीएक्स स्टुडिओ चालेल, नोटपॅडही चालेल. आत "आरटीई" दिसलं तर रूट आहे, "टीआरके" दिसलं तर ट्रॅक. दोन्ही असतील तर रूट काढून टाका. अगदी डिलीट करा, ठेवू नका. मोह होतो, "असू दे, कामी येईल". माझ्या कामी आला तसा येईल.

मग वेळ बघा. प्रत्येक बिंदूला तारीख-वेळ असते, ती जागतिक वेळेत, शेवटी झेड अक्षर. आपल्यासाठी साडेपाच तास मिळवायचे. महिना कोणता ते बघा. मे-जूनचा ट्रॅक ऑक्टोबरमध्ये वापरत असाल तर प्रत्येक नाला हा प्रश्नच आहे. मला सगळ्यात उपयोगी वाटतं ते बिंदूंमधलं अंतर. दर सेकंदाला एक बिंदू असेल आणि गाडी ताशी तीसने जात असेल तर दोन बिंदूंमध्ये साधारण आठ मीटर पडतात. जिथे बिंदू एकमेकांवर गोळा झालेत, तिथे तो माणूस थांबला, उतरला, ढकलत होता, नाहीतर चहा पीत होता. गावात गोळा असेल तर चहा. नाल्यात गोळा असेल तर तिथे काहीतरी आहे. नंतर आम्ही तो ट्रॅक नीट पाहिला, तर त्या नाल्यावर मे महिन्यातसुद्धा चार मिनिटांचा गोळा होता. माहिती फाइलमध्ये होती, आम्ही फक्त रेघ बघत होतो.

मग बिंदूंची संख्या. जुन्या हँडहेल्डना मर्यादा असते. गार्मिनच्या एट्रेक्स २० मध्ये एका ट्रॅकला १०,००० बिंदू. ऐकायला भरपूर वाटतं, पण दर सेकंदाला एक धरला तर पावणेतीन तासांत संपतात. सहा तासांच्या ट्रॅकमध्ये एकवीस हजारांच्या वर बिंदू होतात. उरलेला भाग यंत्रात येतच नाही, रेघ मधेच संपते, आणि ती संपते नेमकी तुम्ही घरापासून सगळ्यात लांब असताना. म्हणून ट्रॅक हलका करायचा. जीपीएसबॅबेल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात "सिम्प्लिफाय" फिल्टर आहे. सरळ भागातले फालतू बिंदू काढतो, वळणावरचे ठेवतो. साठ किलोमीटरला दोन हजार बिंदू मला पुरतात. पण हे करायच्या आधी मूळ फाइल वेगळी ठेवा, कारण ते गोळे मूळ फाइलमध्येच दिसतात.

गुगलच्या माय मॅप्समधून आणलं असेल तर ते केएमएल असतं, जीपीएक्समध्ये बदलावं लागतं. एक मजेशीर गोष्ट: केएमएलमध्ये आधी रेखांश लिहितात, मग अक्षांश. कुणी हाताने स्क्रिप्ट लिहून बदललं आणि क्रम उलटा झाला, तर आपलं यवतमाळ थेट आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या समुद्रात जातं. मी हे करून बसलोय. कॉलेजात.

आता कॉपी. गार्मिनचं हँडहेल्ड केबलने लावलं की पेन ड्राइव्हसारखं दिसतं. त्यात "गार्मिन" फोल्डर, त्याच्या आत "जीपीएक्स" फोल्डर, तिथे फाइल टाकायची. काही नवी मॉडेल्स फोनसारखी दिसतात, तरी फोल्डर तोच. फाइलचं आणि ट्रॅकचं नाव रोमन लिपीत, छोटं, आणि त्यात महिना घाला. माझ्या यंत्रात देवनागरी नावाचे नुसते चौकोन दिसतात. यंत्र "सेफली रिमूव्ह" करूनच काढा.

मग यंत्रावर ट्रॅक मॅनेजरमध्ये जा, ट्रॅक निवडा, "शो ऑन मॅप" करा, रंग द्या. मी लाल देतो. आणि "गो" दाबत नाही. नेव्हिगेशन चालूच करायचं नाही, नकाशावर फक्त रेघ दिसू द्यायची आणि आपण तिच्यावरून चालायचं. मग यंत्र स्वतःहून वाट बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

नकाशाचंही सांगतो. यंत्रासोबत येणाऱ्या मूळ नकाशात आपल्या भागातल्या पांदणी नसतातच म्हणा. ओपनस्ट्रीटमॅपवरून बनवलेले गार्मिनचे नकाशे मोफत मिळतात, आयएमजी फाइल असते, तीही त्याच "गार्मिन" फोल्डरमध्ये किंवा मेमरी कार्डवर. त्यातही सगळ्या पांदणी नाहीत. आणि पांदणी बदलतायत. २०२१ पासूनची मातोश्री पाणंद रस्ते योजना आहे ना, सरकारी कागदावर "पाणंद", आपण म्हणतो पांदण, तर जिथे काम झालं तिथे खडी-मुरूम पडलाय. दोन वर्षांपूर्वीचा चिखलाचा ट्रॅक आज पक्का असू शकतो. उलटंही होतं, धुऱ्याने गेलेली वाट कुणीतरी काटे टाकून बंद केलेली असते. ते त्याचं वावर आहे. तिथे ट्रॅक दाखवून भांडायचं नाही.

जंगलाचंही तसंच. उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्य, पांढरकवड्याकडे टिपेश्वर. टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथे वाघ आहेत. वन्यजीव कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. कुणाच्या ट्रॅकमध्ये रेघ हिरव्या भागातून गेली असेल, तर ती रेघ म्हणजे परवाना नव्हे. तो भाग कॉम्प्युटरवरच कापा, बाहेरून वळवा.

आणि सहस्रकुंडला जाणाऱ्यांसाठी: पैनगंगा तिथे यवतमाळ आणि नांदेडची हद्द आहे, धबधबा दोन्ही काठांवरून दिसतो. तुमचा वेपॉइंट कुठल्या काठावरचा आहे ते झूम करून बघा. समोर शंभर-दोनशे मीटरवर दिसतो आणि जायला लांबचा पूल गाठावा लागतो.

शेवटची तपासणी घरी नाही, तर निघायच्या जागी, सगळ्यांनी एकत्र. गाड्या उभ्या करायच्या, सगळ्यांची यंत्रं आणि फोन एका सीटवर शेजारी शेजारी ठेवायचे, आणि मधला एखादा वाकडा भाग झूम करून बघायचा की रेघ सगळीकडे तशीच वळते का. आम्ही टोकं पाहिली होती. टोकं जुळत होती.

मित्र आता बरा आहे, थंडीत पाय थोडा दुखतो म्हणतो. फेब्रुवारीत आम्ही दोघं परत गेलो, मामांना भेटलो, मिठाई दिली. ते म्हणाले, "त्या नाल्यातून कायले जाता बाप्पा, वरून बंडीवाट हाये ना." तिथून गेलो. अर्धा किलोमीटर जास्त, पण खाली खडक. तो ट्रॅक नव्याने रेकॉर्ड केलाय, नाल्यावर वेपॉइंट टाकलाय आणि त्याच्या नावात लिहिलंय: दिवाळीपर्यंत नाही. मामांच्या वावराचा भाग त्यांना विचारून ठेवलाय, घराजवळचे बिंदू काढलेत.

कुणाला फाइल हवी असेल तर मेसेज करा, सोबत कुठलं यंत्र आहे आणि कुठल्या महिन्यात जाणार ते लिहा. पावसाळा म्हणालात तर पाठवणार नाही. भेटू पुढच्या भागात.