फार गुणी बाळ आहे हो!

जेवणंखाणं, भांडी उरकून रेडिओ लावलात, बरं केलंत. आज बचतीचा हिशोब नाही की कर्जाचा हप्ता नाही. आज आम्ही आमच्याकडून झालेली एक चूक सांगणार आहोत, म्हणजे तुमच्या गावात ती होऊ नये.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सुनेला मुलगी झाली. बारशाला आम्ही सगळ्याजणी गेलो. बाळ पाळण्यात शांत झोपलेलं. रडणं नाही, किरकिर नाही. पाजायलासुद्धा उठवावं लागायचं. आम्ही एकमेकींना म्हणालो, "फार गुणी बाळ आहे हो! आईला त्रास म्हणून नाही."

त्या बाळाची कावीळ तीन आठवडे उतरली नव्हती. चार-चार दिवस शी होत नव्हती. बेंबी फुगलेली होती. हातपाय गार लागायचे. यातलं एकेक काहीतरी प्रत्येकीनं पाहिलं होतं. कुणी म्हणालं, कोवळ्या उन्हात धरा. कुणी म्हणालं, गुटी द्या. सगळं एकत्र मांडून डॉक्टरांकडे चला, असं मात्र कुणीच म्हणालं नाही.

सातवा महिना लागला तरी बाळ मान धरेना. खुळखुळा वाजवला तरी वळून बघेना. तेव्हा तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. रक्त तपासल्यावर कळलं की बाळाची थायरॉईड ग्रंथी नीट तयारच झालेली नाही. गोळी सुरू झाली. मुलगी आता चार वर्षांची आहे. चालते, हसते, आम्हाला ओळखते. पण बोलणं मोजकंच आहे आणि कानाला यंत्र लावावं लागतं. डॉक्टर सूनबाईला म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही. पण ही गोळी पहिल्या पंधरा दिवसांत सुरू व्हायला हवी होती."

हे ऐकून आम्हाला झोप लागली नाही. मग ग्रामसंघाच्या बैठकीला आम्ही डॉक्टरबाईंना बोलावलं आणि विचारून विचारून समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

थायरॉईड म्हणजे गळ्यात पुढच्या बाजूला असलेली, फुलपाखरासारखी दिसणारी लहानशी ग्रंथी. थायरॉईड म्हटलं की आपल्याला वजन वाढणं, पाळी बिघडणं, केस गळणं एवढंच आठवतं. पण पोटातल्या बाळासाठी तिचं काम त्याहून मोठं आहे. ती जे हार्मोन तयार करते, ते म्हणजे शरीराला धाडलेला सांगावा. मेंदूच्या पेशींनी कुठं जायचं, एकमेकींना कसं जोडून घ्यायचं, हे त्या सांगाव्यावर ठरतं. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी एक वळणदार नळी असते. तिच्यातल्या बारीक पेशी आवाज पकडून मेंदूकडे पाठवतात. त्या पेशी आणि ती नळी नीट तयार व्हायलाही हाच सांगावा लागतो.

आणि तो वेळेवर यावा लागतो. आपण शेतकरणी आहोत, वाफसा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. वाफसा असताना पेरलं तर उगवतं. तो निघून गेल्यावर कितीही चांगलं बी टाकलं तरी पहिल्यासारखं पीक येत नाही. मेंदूचं आणि कानाचं तसंच आहे.

पहिले तीन महिने बाळ हे हार्मोन तयारच करू शकत नाही. सगळं आईकडून घेतं. साधारण पाचव्या महिन्यापासून त्याची स्वतःची ग्रंथी बऱ्यापैकी कामाला लागते. ज्या बाळाची ग्रंथी अधू असते, त्याला जन्मापर्यंत आई थोडंफार सांभाळून घेते. म्हणून जन्मताना ते बाळ चांगलं दिसतं. नाळ तुटली की आईची रसद तुटते. असं साधारण हजार बाळांमागे एक असतं.

हे हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम, गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला २५०. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढंसं, पण रोज हवं. हिमालयाच्या पायथ्याला पाऊस आणि नद्या जमिनीतलं आयोडीन धुऊन नेतात. तिथल्या गावांत पूर्वी गलगंड तर घरोघर दिसायचाच, पण जन्मापासून ऐकू न येणारी, न बोलणारी, मंद वाढीची मुलंही खूप असायची. आताच्या हिमाचल प्रदेशातल्या कांग्रा खोऱ्यात १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागात आयोडीनचं आणि काही भागात साधं मीठ द्यायला सुरुवात केली. काही वर्षांत आयोडीनच्या मिठाच्या भागात गलगंड पुष्कळ कमी झाला. १९६२ साली देशभराचा कार्यक्रम आला. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. आयोडीनची कमतरता फक्त डोंगरी मुलखात असते असंही नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या काही जिल्ह्यांतही ती आढळली आहे.

आता आपण काय करायचं ते नीट ऐका.

पहिलं, मीठ. पुड्यावर आयोडीनयुक्त लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. खडेमीठ स्वस्त पडतं, पण त्यात आयोडीन असेलच असं नाही, आणि धुतलं तर असलेलंही जातं. उपवासाचं सैंधव रोजच्या स्वयंपाकात वापरू नका. मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून आणि ओलीपासून लांब ठेवा. जास्त मीठ खा, असं आम्ही सांगत नाही. जेवढं खाता तेवढं आयोडीनचं खा.

दुसरं, गरोदरपण. पाळी चुकली की लवकर नाव नोंदवा. घरात कुणाला थायरॉईड असेल, आधी गर्भ पडला असेल, मूल राहायला वेळ लागला असेल, गळ्याला सूज असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा आणि टीएसएच तपासणीचं विचारा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. तिथं विचारता येतं.

तिसरं, गोळी. थायरॉईडची गोळी आधीपासून चालू असेल तर दिवस गेल्यावर ती बंद करायची नाही. "गोळ्या बाळाला गरम पडतात," असं घरातलं कुणीही म्हणालं तरी नाही. उलट, अशा वेळी बहुतेकींना डोस वाढवावा लागतो, म्हणून लगेच डॉक्टरांना भेटा. गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि चहा अर्ध्या-पाऊण तासानं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नका. चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही.

चौथं, बाळ. जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाचेला टोचून रक्ताचे थेंब खास कागदावर घेतात आणि थायरॉईड तपासतात. सगळीकडे हे आपोआप होत नाही, म्हणून घरी सोडण्याआधी आपण विचारायचं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, तेव्हा कागदपत्रांची पिशवी माहेरी जाऊ द्या आणि परत येतानाही आणा. दोष निघाला आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बहुतेक मुलं इतर मुलांसारखीच वाढतात.

पाचवं, कान. पहिल्या महिन्यात ऐकण्याची तपासणी करून घ्या. शंका आली तर तीन महिन्यांच्या आत नक्की निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला पथक येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

आमच्या गटानं आता एक ठराव केला आहे. तपासणीसाठी कुणाला पैसे लागले तर महिन्याच्या बैठकीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी अंतर्गत कर्ज द्यायचं.

बारशाला आम्ही आजही जातो, पाळणा म्हणतो, घुगऱ्या खातो. पण बाळ फार शांत दिसलं तर गुणी म्हणून मोकळ्या होत नाही. हळूच आईला विचारतो, "दूध ओढून पितं ना? मोठ्यानं रडतं ना? टाचेचं रक्त घेतलं का?"

तुम्हीही विचारा, सख्यांनो. नमस्कार.