अडले कोठे, सुटले कसे?

गोष्ट सांगून झाली की मुलांना तात्पर्य विचारावयाचे, ही आपली फार जुनी सवय आहे. इसापाच्या कथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने मराठीत आल्या, आणि त्यानंतर कित्येक पिढ्यांनी गोष्टीच्या शेपटाला बांधलेले ते एक वाक्य पाठ केले. त्या वाक्याशी माझे वैर नाही. पण पाचसहा वर्षांच्या मुलाला ते विचारले म्हणजे ते गोष्टीतून उठते आणि आपल्या तोंडाकडे पाहू लागते. बाईंना कोणते उत्तर हवे आहे, याचा शोध ते घेत असते. त्या वेळी गोष्टीचा विचार त्याच्या मनात उरलेला नसतो.

म्हणून आज मी दुसऱ्याच दोन प्रश्नांविषयी बोलणार आहे. गोष्टीत अडले कोठे? आणि मग सुटले कसे? 'समस्या' हा शब्द बालवर्गात आणण्याची गरज नाही. चिखलात रुतलेली बैलगाडी ज्याने पाहिली आहे, त्याला 'अडणे' म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही.

प्रश्न सोपे दिसतात. उत्तरे मात्र सोपी नसतात. लेकीकडे निघालेल्या आणि भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगून, अडले कोठे असे विचारा. बहुतेक मुले एका स्वरात म्हणतील, "वाघ!" वाघ म्हणजे अडचण नव्हे. वाघ आपल्या जागी राहिला आणि म्हातारी आपल्या घरी राहिली, तर कोणाचेच काही अडत नाही. म्हातारीला लेकीकडे जावयाचे आहे आणि वाट रानातून आहे, म्हणून वाघ आडवा येतो. तेव्हा आधी विचारावे, "म्हातारीला काय हवे होते?" आणि मग, "ते तिला का मिळेना?" हे दोन तुकडे जोडता आले की मुलाला अडचण सापडली. तसेच दुसऱ्या बाजूला मुले 'सुटले कसे' याचे उत्तर म्हणून गोष्टीचा शेवट सांगतात. "म्हातारी घरी गेली." ती घरी गेली खरी, पण कशाच्या बळावर?

या कामाला पंचतंत्रासारखा सोबती नाही. अमरशक्ती राजाच्या तीन मंद पुत्रांना सहा महिन्यांत शहाणे करण्याची प्रतिज्ञा करून विष्णुशर्म्याने ज्या कथा रचल्या, त्यांत एक पात्र गोष्टीचे नुसते सूतोवाच करते, ऐकणारा 'ते कसे?' म्हणून थबकतो, आणि मगच कथा उलगडते. हे थबकणे आपणही उचलावे. सिंह आणि सशाची कथा घ्या. सिंह वाटेल तितके प्राणी मारतो, ही अडचण. त्यावर प्राण्यांनी तोड काढली की रोज एकाने आपण होऊन जावे. येथे थांबून विचारावे, "सुटले का?" माझ्या वर्गात पहिल्यांदा अर्ध्या मुलांनी 'सुटले' म्हणून सांगितले. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "पण ज्याची पाळी त्याचे नाही सुटले." पहिल्या तोडीतूनच दुसरी अडचण निघते, ती एकट्याच्या वाट्याला येते, आणि तो एकटा लहानसा ससा असतो, हे तिने त्या एका वाक्यात ओळखले होते. मोठ्यांच्या व्यवहारातही हे पुष्कळदा ध्यानात येत नाही.

विहिरीपर्यंत पोचण्याआधी पुन्हा थांबावे. सशाने काय करावे? कोणी म्हणेल, जाऊच नये. लगेच हसू नये, खोडूनही काढू नये, "बरे, तो गेला नाही, मग?" एवढेच विचारावे. दुसरे मूलच सांगते की सिंह पुन्हा सगळ्यांना मारील. अंगी बळ नसलेल्याने युक्ती का शोधावी, हे मुलांना येथे आपोआप कळते.

बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1906 साली प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले. भावनगरला 1920 साली गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले, आणि पुढे ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. गिजुभाईंनी कथाकथनावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. गुजराती आणि मराठी शिक्षकांचा हा शेजार आम्हां बडोदेकरांना जवळचा वाटतो, आणि त्याचा एक व्यावहारिक धडाही आहे. घरी मराठीत ऐकलेली गोष्ट शाळेत गुजरातीत सांगताना मूल अडखळते, आणि आपण समजतो की त्याला गोष्टच कळली नाही. अशा मुलाला तीन चित्रे द्यावीत : काय हवे होते, काय आडवे आले, काय केले. ते त्यांचा क्रम बिनचूक लावते. शब्द मागाहून येतात.

एक इशारा मात्र द्यावयाचा आहे. प्रत्येक गोष्टीला हा गज लावू नये. काही गोष्टी नुसत्या तालासाठी, पुनरुक्तीसाठी असतात; त्या तशाच ऐकू द्याव्यात. आठवड्यातून एक गोष्ट पुरे.

आणि प्रश्न विचारले की उत्तरे ऐकण्याची तयारी हवी. चिमणी-कावळ्याची गोष्ट आपण सारेच सांगतो. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दाराशी येतो, ती बाळाची कामे सांगत त्याला ताटकळत ठेवते, आणि शेवटी तापल्या तव्यावर कावळ्याला चटका बसतो. मुले हसतात. मीही वर्षानुवर्षे हसतच सांगत आले. एकदा सुटले कसे म्हणून विचारले, तेव्हा एरवी गप्प बसणारा एक मुलगा म्हणाला, "सुटलेच नाही. कावळा राहतो कुठे?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी तसे सांगितले, आणि प्रश्न वर्गापुढे ठेवला. कोणी म्हणाले, चिमणीने आधीच दार उघडावे. कोणी म्हणाले, तिचे घर लहान, तिचे बाळ लहान. कावळा मावणार कसा? दोन्ही पक्ष खरे होते आणि भांडण बराच वेळ चालले. अखेर त्यांनी पाऊस ओसरेपर्यंत कावळ्याला वळचणीला बसवले, आणि नंतर सगळ्यांनी मिळून त्याला काड्यांचे घर बांधून द्यावयाचे ठरवले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला तो खिशात काड्या भरून.