अनवाणी पायांनी ग्लासगोपर्यंत



शिक्षणाच्या व्यासपीठावरून मी एका फुटबॉलपटूविषयी बोलणार आहे, याचे काहींना नवल वाटेल. मुलगा मैदानावरून उशिरा घरी आला की आपल्याकडे विचारतात, "खेळून पोट भरणार आहे का?" जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्या बापाला हा प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. म्हणूनच महंमद सलीम यांची हकीकत ऐका.

सलीम यांचा जन्म १९०४ साली कलकत्त्यात, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. अभ्यासात त्यांचे मन फारसे रमले नाही. चेंडू मात्र पायाला चिकटून राही. ते अनवाणी खेळत. त्या काळी बूट घातलेल्या गोऱ्या पलटणींशी आपले बहुतेक खेळाडू उघड्या पायांनीच झुंजत. सलीम मोहमेडन स्पोर्टिंगकडून खेळत. १९३४ साली कलकत्ता लीग जिंकणारा हा पहिला भारतीय संघ ठरला आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे त्याने ती जिंकली.

१९३६ साली विलायतेत राहणारे हाशिम नावाचे आप्त सलीमना बोटीने घेऊन गेले. ग्लासगोचा सेल्टिक क्लब तेव्हा स्कॉटलंडचा विजेता होता. हाशिम थेट क्लबचे व्यवस्थापक विली मेली यांना भेटले. हिंदुस्थानातून चांगला खेळाडू आला आहे, फक्त तो अनवाणी खेळतो, असे त्यांनी सांगितले. मेलींनी दार लावून घेतले नाही, परीक्षा घेतली. सलीम उतरले. पायांना पट्ट्या बांधून ते सेल्टिकच्या दुय्यम संघातून दोन सामने खेळले. हॅमिल्टनविरुद्ध ५-१ आणि गाल्स्टनविरुद्ध ७-१ असे विजय मिळाले. तिथल्या वर्तमानपत्राने त्यांना हिंदी जादूगार म्हटले. परदेशी क्लबकडून खेळलेले ते पहिले भारतीय मानले जातात.

पण पुढे काय झाले? क्लबने थांबण्याचा आग्रह केला, तरी घरच्या आठवणीने जीव रमेना आणि सलीम परतले. निघण्यापूर्वी एका सामन्याच्या उत्पन्नातून मिळणारा वाटा त्यांनी अनाथ मुलांना देऊन टाकला. हा क्लबही १८८७ साली ग्लासगोतील गरीब आयरिश मुलांच्या जेवणासाठी निधी जमवण्याच्या हेतूने स्थापन झाला होता. आपल्या माणसांच्या लेकरांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सलीम १९८० साली वारले. वृद्धापकाळी ते आजारी असताना, वडिलांची तिथे कोणाला आठवण आहे का हे पाहण्यासाठी मुलाने क्लबला पत्र लिहिले. उत्तरासोबत शंभर पौंडांचा ड्राफ्ट आला. मुलाने तो वटवला नाही, जपून ठेवला.

पालकहो, या हकीकतीतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली म्हणजे, सलीमपाशी कौशल्य होते, पण त्यांच्यासाठी दार ठोठावणारा हाशिम नसता तर ते मेलींपर्यंत पोचलेच नसते. आपला मुलगा किंवा मुलगी चित्रे काढते, गणित चटकन सोडवते, जोरात धावते, तर शाळेत येऊन गुरुजींशी बोला. सवलत मागू नका; परीक्षा घ्या म्हणा.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. दार उघडल्यावर तिथे टिकायचे कसे? अंबड-मंठ्याची मुले पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात जातात आणि काही पहिल्या दोन महिन्यांतच गाठोडे बांधून परततात. त्यांना नावे ठेवू नका. पत्र पाठवा, फोन करा, एखाद्या रविवारी भेटून या. आधीची मुले असतील तर त्यांच्याशी ओळख करून द्या.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मैदानासाठी वही सोडू नका. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार असलेले टी. आओ वैद्यकाचे विद्यार्थी होते. पुढे ते डॉक्टर झाले आणि नागालँडमध्ये त्यांनी लोकांची सेवा केली. संध्याकाळी तासभर जरूर खेळा. दिवा लागला की पुस्तक उघडा.