मूत्रपिंड आणि डायलिसिस-तंत्रज्ञाचे कर्तव्य



आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यांपैकी दीडएक लिटरच मूत्ररूपाने बाहेर पडतो. ही गाळणी निकामी झाली की यंत्राचा आश्रय घ्यावा लागतो. डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ साली हॉलंडमध्ये सिद्ध केलेल्या यंत्रापासून ही विद्या वाढीस लागली.

आपण पितो त्या पाण्यावर आतड्यांचा पहारा असतो. डायलिसिसच्या चार तासांत मात्र सुमारे १२० लिटर पाणी केवळ एका पातळ पडद्याआडून रुग्णाच्या रक्ताला भिडते. १९९६ साली ब्राझीलमधील कारुआरू येथे अशा पाण्यातील शेवाळविषाने पन्नासाहून अधिक रुग्ण दगावले.

म्हणून या व्यवसायात शिरलेल्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे असे: प्रत्येक पाळीपूर्वी पाण्यातील क्लोरीन तपासावे; यंत्रात जंतुनाशकाचा अंश उरला नाही याची खात्री करावी; नळीत हवा शिरल्याची सूचना देणारी घंटा कधीही बंद ठेवू नये; फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू नये. रुग्णाच्या आप्तांनीही ‘आज पाणी तपासले काय?’ असे विचारण्यास संकोचू नये.

कामाची कितीही गर्दी असो, न तपासता नोंदवहीत सही करू नका. त्या सहीवर एका कुटुंबाचा जीव विसंबलेला असतो.