हातांची भाषा, समाजाची ओळख



'मूकबधिर' हा शब्द मराठीत अनेक वर्षे रूढ होता. शाळांच्या पाट्यांवर, शासकीय कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत तो निःसंकोचपणे वापरला जाई. या शब्दाचा उत्तरार्ध कानाविषयी आहे आणि तो वस्तुस्थितीला धरून आहे. पूर्वार्ध मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही नसते, असे मुळीच नाही. आणि ज्याला स्वतःची भाषा आहे त्याला मूक म्हणणे न्यायाचे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. त्यांच्यापैकी ज्यांनी सांकेतिक भाषा आपली मानली, त्यांच्या दृष्टीने ती केवळ सोय नसून त्यांच्या समाजाची ओळख आहे.

खुणा नव्हेत, भाषा

सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांनी कशीबशी काढलेली समजूत, असा सर्वसाधारण समज असतो. तो खरा नाही. वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे विल्यम स्टोकी यांनी १९६० साली अमेरिकन सांकेतिक भाषेचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हाताचा आकार, त्याची जागा आणि त्याची हालचाल अशा घटकांतून प्रत्येक खूण घडते आणि हे घटक बोलभाषेतील ध्वनींसारखेच नियमबद्ध असतात, असे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून भाषाशास्त्रज्ञ या भाषांकडे पूर्ण भाषा म्हणून पाहू लागले.

ही भाषा जगभर एकच आहे, हाही असाच एक गैरसमज. इंग्लंड आणि अमेरिका या दोन्ही देशांत इंग्रजी बोलली जाते. पण तेथील बधिरांच्या सांकेतिक भाषा एकमेकींहून अगदी वेगळ्या आहेत. भारतीय सांकेतिक भाषेलाही स्वतःचे व्याकरण आहे. 'तू कोठे जातोस?' हे मराठी वाक्य तीत मांडताना 'कोठे' ही खूण वाक्याच्या शेवटी येते. प्रश्न, नकार, शंका यांचा भेद चेहऱ्यावरून आणि मानेच्या हालचालीवरून स्पष्ट होतो. 'पुरुष' ही खूण मिशीच्या जागी आणि 'स्त्री' ही खूण नाकातील दागिन्याच्या जागी केली जाते. ज्या मातीत भाषा वाढली त्या मातीची छाप तीवर अशी उमटलेली असते.

१९७० नंतरच्या दशकात जेम्स वुडवर्ड, मदन वसिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगलोर येथील बधिरांच्या खुणांचा अभ्यास केला. शहरागणिक काही खुणा बदलत असल्या तरी शब्दसंग्रहाचा मोठा भाग समान असल्याचे त्यांना आढळले. बोलभाषांनी विभागलेल्या या देशात, कोणाच्याही आज्ञेवाचून, बधिरांनी एकमेकांना समजेल अशी भाषा जोपासली होती. या अभ्यासातील मदन वसिष्ठ हे स्वतः बधिर होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बंदीचा इतिहास

ही जोपासना सुखासुखी झालेली नाही. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मतदान करणारे जवळजवळ सर्वच प्रतिनिधी ऐकू येणारे होते. मुलांना केवळ मौखिक पद्धतीने शिकवावे आणि शिक्षणातून खुणा वगळाव्यात, असा ठराव परिषदेने केला. त्यानंतर अनेक देशांतील शाळांत खुणा करणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. त्याच दशकात मुंबईत बधिरांची शाळा सुरू झाली. पुढे भारतातील बहुसंख्य शाळांनीही मौखिक पद्धतीचाच अंगीकार केला.

या पद्धतीमागील हेतू वाईट नव्हता. मुलाने चारचौघांत बोलावे, ही इच्छा कोणत्या आईबापांना नसते? परंतु ओठांवरून शब्द ओळखणे किती कठीण आहे, हे आरशासमोर उभे राहून 'पाल', 'बाल' आणि 'माल' हे शब्द उच्चारल्यास कोणाच्याही ध्यानी येईल. तिन्ही वेळी ओठ सारखेच हलतात. वाचाशिक्षण आणि श्रवणयंत्र यांचा अनेक मुलांना लाभ होतो, यात संशय नाही. मात्र त्यांच्यासाठी हातांची भाषा काढून घेतली, तर पुष्कळ मुलांच्या पदरी दोन्हींपैकी एकही भाषा धडपणे पडत नाही. कॅनडात व्हँकुव्हर येथे २०१० साली भरलेल्या याच परंपरेतील परिषदेने मिलानचे ठराव नाकारले. चूक मान्य होण्यास १३० वर्षे लागली.

समाज कोठे घडतो?

बहुतेक बधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. त्यामुळे इतर मुलांना जी भाषा घरी मिळते, ती या मुलांना घराबाहेर शोधावी लागते. वर्गात बंदी असलेली भाषा मुले मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात मोठ्या मुलांकडून शिकली. शाळा सुटल्यावर बधिरांच्या मंडळांनी आणि क्लबांनी तोच धागा पुढे नेला. तेथे येणाऱ्याला लवकरच एक खूणनाव मिळते. गालावरील खळी, केसांची ठेवण, एखादी लकब यांवरून ते पडते. हे नाव कोणी स्वतः घेत नाही. ते समाज देतो. ते मिळाले की माणूस त्या समाजाचा झाला.

हक्क आणि कर्तव्य

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात बधिरांच्या भाषिक व सांस्कृतिक ओळखीला मान्यता व आधार मिळावा, असे नमूद आहे. भारताने २००७ मध्ये हा करार स्वीकारला. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली, महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात काम करीत आली आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा कोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता. २०२१ मध्ये तो १०,००० शब्दांचा झाला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने सांकेतिक भाषा जाणणाऱ्या शिक्षकांची नेमणूक हे शासनाचे कर्तव्य ठरविले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका बधिर महिला वकिलांनी दुभाष्याच्या साहाय्याने काम चालविले.

कायदा आणि कोश यांनी वाट मोकळी केली आहे. परंतु भाषा आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतच मुळे धरते. ज्या घरात बधिर मूल आहे, तेथे आईने 'दूध', 'ये', 'दुखते का?' एवढ्या खुणांनी आरंभ करावा. आजोबांनी आणि भावंडांनी तिला साथ द्यावी. शाळेने बधिर शिक्षकांना वर्गात स्थान द्यावे. रुग्णालय, पोलीस ठाणे आणि तहसील कार्यालय यांनी दुभाष्याची सोय ठेवावी. बधिर मुलाला ऐकू येणाऱ्यांच्या जगात आणण्याचा प्रयत्न पुष्कळ झाला. आता ऐकू येणाऱ्यांनीही त्याच्या भाषेकडे चार पावले चालून जाणे अगत्याचे आहे.