सत्य सांगू या, सोबतही राहू या
(मंडळीसमोर दिलेले भाषण)



धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून कॅन्सरचे रुग्ण मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात येतात. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर झालेले त्यांत बरेच असतात. "काय झालंय?" असे विचारले तर उत्तर येते, "गाठ आहे." चौथ्या स्टेजचा अर्थ एका पावरा दादांनी मला असा सांगितला, "तीन पायऱ्या झाल्या, ताई. ही शेवटची. मग बरा होऊन घरी."

दादा अडाणी नव्हते. डॉक्टर हिंदीत बोलले, मी मराठीत, आणि मुलाने पावरीत सांगताना निम्मे गिळले. "ताई, बाबांना सांगू नका," ही विनंती तर आम्ही नेहमीच ऐकतो. ती प्रेमापोटीच असते. पण केमो किंवा शेक दर वेळी आजार बरा करण्यासाठीच असतो असे नाही. आजार फार पुढे गेला असेल, तर दुखणे कमी व्हावे, घास गिळता यावा म्हणूनही तो देतात. हे न कळल्याने 'बरे होण्यासाठी' बैलजोडी विकली जाते, कर्ज होते. आणि मुलांना चार गोष्टी सांगायच्या राहून जातात.

राजा हिज्कीयाला यशयाने मरणाची गोष्ट स्पष्ट सांगितली (2 राजे, अध्याय 20). ती कळली म्हणूनच तो भिंतीकडे तोंड करून देवाजवळ रडू शकला. पुढे त्याला 15 वर्षे मिळाली. तशी वर्षे प्रत्येकाला मिळतील, असे वचन आपण देऊ शकत नाही. म्हणून रुग्णाच्या खाटेजवळ "विश्वास ठेवा, नक्की बरे व्हाल" असे म्हणू नका. आधी विचारा, त्यांना काय ठाऊक आहे? किती जाणून घ्यायचे आहे? नको म्हणाले तर थांबा. हवे असेल तर डॉक्टरांच्या सोबतीने, त्यांच्याच बोलीत, थोडे थोडे सांगा. मग गप्प बसा, पण उठून जाऊ नका.

बरे करणे थांबले तरी सेवा थांबत नाही. वांद्र्याचे शांती आवेदना सदन 1986 पासून अशा रुग्णांची सेवा करीत आहे. वेदनेवर डॉक्टरांच्या सल्ल्याने मॉर्फीनही मिळते.

आम्हाला पावरी आणि भिली बोलणारे स्वयंसेवक हवे आहेत. महिन्यातून एक दिवस द्या. खरे बोलण्याचे धैर्य आणि जवळ बसण्याचा धीर प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.